मार्चअखेरचा चष्मा

मित्रांनो, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलेला मी एक चष्मा. माझ्या काळ्या फ्रेमचा रंग उडालाय, पण जाड काचा अजून शाबूत आहेत.

१९८६ साली चिपळूणच्या एका दुकानात मी तयार झालो. मला घेणारा हरिश्चंद्र लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करी. कारखाना कामगारांना औषधपाण्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम देई. बिल दाखवलं की खर्च मिळे. मार्चअखेर उरेल ते मात्र बुडे. त्या वर्षी बरीचशी रक्कम लेकीच्या काविळीत गेली होती. उरलेल्यात एकच काहीतरी होणार होतं. आईला चष्मा, नाहीतर हरिश्चंद्राच्या छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे.

"आधी तुमचा फोटो काढा," त्याची बायको कमळा दुकानाच्या पायरीवरही म्हणत होती. "केवढे खोकताव!"

"आईनं चुलीत हात भाजून घेतलान. फोटो एप्रिलात काढू, नवे पैसे मिळाले की." मग त्यानं आवाज खाली आणला. "नि फोटोत काय निघालं तर? कामावर ठेवतील मला?"

कमळा पुढची पायरी चढली.

मोतीबिंदू काढल्यापासून जाड भिंगाच्या चष्म्याविना सोनूबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, सगळं धुरकट दिसे. घरी आल्यावर हरिश्चंद्रानं स्वतःच्या हातानं मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. मी अभिमानानं फुललो होतो. सोनूबाईंनी वर पाहिलं. समोर लेकाचा चेहरा होता.

"हरी," त्या म्हणाल्या, "गालफडं कवा बसली रे तुझी? मला कोणीच कसं बोललं नाय?"

त्यांनी मला ओढून काढलं. "परत देऊन ये ह्यो. आधी डॉक्टरकडं जा."

पण नंबराच्या काचा दुकानदार परत घेत नाही. मी दुसऱ्या कुणाच्या कामाचा नव्हतो.

एप्रिलात फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. काही दिवसांत काम सुटलं आणि कामाबरोबर ती औषधपाण्याची रक्कमही. सोनूबाई मला लावून लेकाच्या गोळ्या निवडून देत, त्याची पेज गाळत. माझ्यातूनच त्यांनी त्याला रोज थोडं थोडं खंगताना पाहिलं. गणपतीच्या आधी तो गेला.

तेराव्याला त्यांनी मला घडी घालून डब्यात ठेवलं.

"आई, चुलीशी तरी घाला," कमळा म्हणाली.

"बघायचं होतं ते बघून झालं, बाय."

त्यानंतर त्या भिंतीला हात लावत चालत. कमळा अजूनही अधूनमधून माझ्या काचा पदरानं पुसते आणि पुन्हा ठेवून देते.

मित्रांनो, काचांना जपा, एवढंच खरं तर चष्म्यानं सांगायचं. पण माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात सगळ्यांची औषधं आणणारं जे माणूस असेल, त्याला आज एकदा उजेडात उभं करून नीट बघा.