अर्धा उखाणा

आमचं मालक आष्ट्याकडं पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला कवा सोडायचं, ते ह्येंच्या हातात. त्यामुळं जगातलं समदं पाणी आपल्याला इचारूनच वाहतं, असं ह्या माणसाला वाटायचं.

लग्नानंतर लय वर्सांनी मला फिरवायला काढलं. सातारचा किल्ला बघितला, पडक्या तटावर बसून दशम्या खाल्ल्या. मग कोयनानगर. भूकंपात पडलेली घरं परत हुबी राहिली हुती, ती मी बघत बसले. ह्यो गडी मातर धरणाची दारं बघून छाती फुगवून आला. घाट उतरताना एस्टीत मी वकून वकून अर्धी झाले, आन् ह्येंचं आपलं चालूच, "पाण्याला कुटंतरी दार आसतंयच गं, शालू."

कोकणात समुद्राकाठी उतरलो. पाणी लांब मागं हटलेलं, आन् मधी खडकावर एक पडका बुरूज. वाळूतनं चालत जायला वाट हुती. मी म्हटलं, "आवं, हितनंच बघू. खडक बघा की, पार वरपातूर वल्लं हायत."

"आसू देत वल्लं. पाऊस न्हाई, वरनं पाणी सोडल्यालं न्हाई. वाढंल कशानं?"

"तर! समुद्राचीबी किल्ली तुमच्याच कमरंला!"

झालं. नाकावर राग. "आता माज्या मागं आवं आवं करत यीऊ नगंस," म्हणालं आन् एकटंच तरातरा गेलं. बुरुजावर चढून माज्याकडं पाठ करून बसलं. बसा म्हटलं, रुसा. मीबी चपला काढून एका दगडावर बसले.

थोड्या वेळानं पायाला गार लागलं. बघते तर माज्या चपला पाण्यावर डुलत निघालेल्या. शिंपल्या येचणारी एक बाई टोपली सावरत किनाऱ्याकडं पळत हुती. "भरती लागली, बाई! ती वाट आता बुडेल!"

"तिकडं माणूस हाय माजा! त्येला पवायला येत न्हाई!"

"मग हाक मार त्याला! लाटा त्या बुरुजावरून जातात!"

"आवंऽऽ!" मी वरडले. पाठ हालली न्हाई. "आवं, या की मागारी!" ऐकू जात हुतं, मला ठावं हाय. खांदा उडवला मेल्यानं.

वाटंवरची वाळू दिसंनाशी झाली. नावानं हाक मारावी, तर सासूबाईचं बोलणं कानात: नवऱ्याचं मोकळं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. उखाण्यात घेतलेलं चालतं. मग काय करू? गुडघाभर पाण्यात हुबं राहून मी उखाणा वरडायला लागले! "उसाच्या सरीला पाटाचं पाणीऽऽ..." पुढचं सुचंना. लाट मांडीला लागली. वाटंवर आता नुसता फेस.

घटलं तर घटू दे!

"आकाराम!" मी बोंबलले. "एऽ आकाराम!"

गडी ताडकन उठला. मागं वळला आन् बघता बघता बुरुजावरनं खाली आला. पाणी कमरंला, मग छातीला. एका लाटंनं आडवा केला, डोस्कंच दिसंना, तवा माजा जीवच गेला. त्या बाईनं माजा हात धरला, मी पुढं होऊन पदर फेकला. पदराला हात लागला त्येचा.

वाळूवर पडल्या पडल्या खोकत ह्यो माणूस माजेच हातपाय चाचपायला लागला. "काय झालं तुला? कुटं लागलं?"

"मला काय धाड भरलीया? तुमी बुडत हुता!"

तवा कुटं त्यानं मागं वळून बघितलं. वाट न्हवती. त्येच्या तोंडाचं पाणीच पळालं.

"पाणी मी बघितलंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "तू नाव घेतलंस. म्हटलं, माजी शालू मरतीया."

मी त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, आन् त्याच पाठीवर डोस्कं ठेवून रडले. देवा, घटलं आसंल तेवढं माज्यातलं काढून ह्येला दे, म्हटलं.