तोरणाखालची अर्धी बारी

गावात प्रभाकररावांना ‘पुरावा सर’ म्हणत, आणि ते नाव त्यांनी घाम गाळून मिळवलेले होते. समुद्रपूरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवता शिकवता पंचक्रोशीतले चमत्कार त्यांनी एकेक करून उघडे पाडले. पाणी शिंपडताच पेटणाऱ्या नारळाच्या शेंडीत सोडियम कुठे दडवतात, हे त्यांनी देवळाच्या ओट्यावर स्वतः नारळ पेटवून दाखवले. मनातले ओळखणाऱ्या एका महाराजाला त्यांनी जाम गावच्या चौरस्त्यावर चारचौघांत साधे प्रश्न विचारले, आणि महाराजाने नागपूरची पहिली एसटी धरली. प्रत्येक वेळी त्यांचे वाक्य एकच असे : “पुरावा द्या. नाहीतर दुकान बंद करा.”

यंदा पोळ्याच्या तोंडावर तेच वाक्य फिरून त्यांच्या दारात येऊन उभे राहिले, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातली आग विझायला तयार नव्हती.

कारण होते एक गाणे. त्यांची मुलगी रक्षा मुंबईला शिकायला गेली आणि तिथे एका वयोवृद्ध गोवेकर बाईंकडे ऑपेरा शिकली. भरलेल्या नाट्यगृहात, पन्नास वाद्ये मागे वाजत असताना, ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोचवायचा, अशी ती विद्या. पुढे एका अंतराळपटासाठी तिचा आवाज घेतला गेला. चित्रपटात एका प्रचंड यानावर, काचेसारख्या पारदर्शक देहाची, दोन कंठांची एक परग्रहवासी स्त्री गाते. तिचा ग्रह नष्ट झालेला आहे, आणि ज्यांनी तो नष्ट केला तेच समोर खुर्च्यांवर बसले आहेत. आरंभी स्वर इतका संथ असतो की तो हलतो आहे की नाही हे कळत नाही. मग तो चढू लागतो, चढतच राहतो, आणि शेवटी पाखराने एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उड्या माराव्यात तसा खालीवर झेपावतो. खुर्च्यांवरची माणसे माना खाली घालतात. चित्रपट सामान्य होता. तो प्रसंग सामान्य नव्हता.

रंग फासून ओठ हलवणाऱ्या नटीचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत होते. रक्षाचे कुठेच नव्हते. करारात नाव देण्याची सक्ती नव्हती, आणि कंपनीला जाहिरातीसाठी दुसरीच गोष्ट हवी होती : ‘मानवी कंठाला अशक्य. पूर्णपणे आमच्या यंत्राची निर्मिती.’ देशभर तीच गोष्ट चालली. गावातही.

“मोठेबाबा, या, बसा,” पुतण्या धर्मेंद्र गल्ल्यावरून म्हणाला. जाम चौरस्त्यावरचे किराणा दुकान प्रभाकररावांच्या वडिलांचे. मास्तरकी धरून त्यांनी ते धाकट्या भावाला सोडले होते, आणि आता ते धर्मेंद्र चालवत होता. त्याच्या फोनवर तेच गाणे सुरू होते आणि दोन गिऱ्हाइके मान वाकवून बघत होती. “हे पाहा, आपल्या रक्षाचं गाणं. म्हंजे, रक्षा म्हणते तिचं हाय. कंपनी म्हणते मशीनचं हाय. आता आपण कोनाचं मानाचं?”

“जिनं गायलं तिचं.”

“तसं नाई मोठेबाबा. तुम्हीच शिकवलं ना, कोनी म्हणते म्हून मानू नका. पुरावा काय हाय?”

गिऱ्हाइकांपैकी एकाला हसू आवरले नाही. “अन् सर, हवा नसली तं आवाज नाई, असं तुम्ही वर्गात सांगे. मंग ते अंतराळात गाते कशी?”

“यानाच्या आत हवा असते,” प्रभाकरराव म्हणाले. “तुझ्या डोक्यात असते तशी.”

तेलाची पिशवी न घेताच ते उठले. घराच्या वळणावर पोरांचे टोळके उभे होते. गावी परतलेली रक्षा दळणाचा डबा घेऊन पुढे चालली होती आणि पोरे तिच्यामागून बारीक आवाजात ओरडत होती, “मशीन! ए मशीन! बटन दाबू का?” ती मागे वळली नाही. तिची पाठ मात्र ताठ झालेली त्यांना दिसली, आणि आतापर्यंत निव्वळ डोक्यात असलेली आग त्यांच्या हातापायांत उतरली.

त्या संध्याकाळी त्यांनी निर्णय जाहीर केला. पोळ्याला सगळे गाव तोरणाखाली जमते. बैल बुजतात म्हणून तिथे भोंगा लावत नाहीत. उघडे मैदान, ध्वनिवर्धक नाही, वायर नाही. प्रयोगाला याहून निर्दोष परिस्थिती सापडणार नाही.

“प्रयोग?” रक्षा भाकरी मोडता मोडता थांबली. “मी काय नारळ हाय, लोकायसमोर फोडाले?”

“तू खोटारडी ठरलीस तर चालेल तुला?”

“ठरली तं हायच. कंपनीनं ठरवली, गावानं ठरवली. आता तुम्ही तपासनार.” तिने ताट सरकवले. “बाबा, त्या गान्यात शेवटी एक जागा हाय—”

“सगळ्या जागा ऐकल्या आहेत मी. तू फक्त ते जसंच्या तसं गा.”

“तुम्ही पुरं ऐकून त घ्या.”

“परवा ऐकेन. सगळ्या गावासोबत.”

सुमित्राबाई चुलीपाशी होत्या. त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, “आख्ख्या जगाले प्रश्न विचारता. पोरगी सांगून राह्यली तं कान नाई तुमाले.” आपली बाजू पक्की असली की माणूस ज्या घाईने ऐकणे बंद करतो, त्याच घाईने प्रभाकररावांनी ते केले होते. फरक इतकाच की हीच घाई दुसऱ्यात दिसली असती तर त्यांनी तिच्यावर तासभर व्याख्यान दिले असते.

तोरणाखालचा कारभार नत्थूजींकडे होता. म्हातारा झडत्यांचा राजा. बैल रांगेत उभे राहिले की एका बाजूने कोणी झडती म्हणायची : यमक जुळवलेली, बोचरी, सावकारापासून सरपंचापर्यंत कोणाचीही सालपटे काढणारी. दुसऱ्या बाजूने तिला उत्तर द्यायचे, आणि म्हणणाऱ्याने ‘हर बोला’ अशी हाक दिली की ही सवाल-जवाबाची बारी साऱ्या गावाने ‘हर हर महादेव’ म्हणून मिटवायची. गावाचा दंडक असा, की उघडलेली बारी मिटल्याशिवाय तोरण तुटत नाही, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल हलत नाही.

“सर, तुम्ही तं आजवर तोरणाखाली पाय नाई ठेवला,” नत्थूजी बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवत म्हणाले.

“माझा त्यावर विश्वास नाही.”

“मंग आमच्या तोरणावर काऊन येऊन राह्यले?”

“पुरावा द्यायला.”

नत्थूजींनी बराच वेळ बेगड दाबून धरले. “गान्याची बारी नसते तिथं. झडतीची असते. पोरगी म्हनन तं झडतीच्याच बारीत म्हनन, अन् उघडली तं मिटवा लागन. चालते?”

“चालते,” प्रभाकरराव म्हणाले. तो दंडक त्यांना हास्यास्पद वाटत होता, म्हणून त्यांनी त्याचा विचारही केला नाही.

पोळ्याच्या दिवशी उन्हे कलली तेव्हा मैदान भरले होते. आंब्याच्या पानांचे तोरण दोन लाकडी बल्ल्यांना ताणलेले, त्याखाली झुली पांघरलेले बैल, आणि रांगेच्या टोकाला, शेंदराचे बोट लावून, एक ट्रॅक्टर. झडत्या रंगात होत्या. नत्थूजींनी हात वर केला. “आता सरच्या रक्षाची बारी.”

कुजबुज झाली. बाईमाणसाची बारी गावाने कधी ऐकली नव्हती. धर्मेंद्रने फोन उंच धरला. “बटन दाबा रे कोनी,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

रक्षा तोरणाखाली उभी राहिली. साधा सुती सलवार-कुडता, हात मोकळे सोडलेले. तिने बैलांकडे पाहिले आणि श्वास घेतला.

पहिला स्वर कुठून आला ते कोणाच्या ध्यानात आले नाही. तो मोठा नव्हता, पण तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच होता. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो त्या पट्ट्यात सगळी ताकद एकवटली की असे होते, हे प्रभाकरराव जाणून होते, आणि ते जाणत असूनही त्यांच्या मानेवर काटा उभा राहिला. पुढच्या बैलाने कान टवकारले. हशा विरला. स्वर चढू लागला. तो पाण्याच्या टाकीला भिडून परत आला तेव्हा दोन रक्षा गात आहेत असे वाटले, आणि दोन कंठांच्या त्या बाईचे गाणे या मैदानासाठीच बांधले असावे असेही क्षणभर वाटले. नत्थूजींचे तोंड उघडे राहिले होते. प्रभाकररावांना गर्व नव्हे, संतापच जाणवत होता : हे ऐकूनही त्या लोकांनी यंत्राचे नाव लावले. हे ऐकून.

स्वर टोकाला पोचला. आता त्या उड्या. गावातल्या पोराटोराला त्या पाठ होत्या. धर्मेंद्रच्या ओठांची हालचालही सुरू झाली.

रक्षा थांबली.

“इथवर माझं,” ती म्हणाली. धाप लागली होती, पण शब्द स्वच्छ होते. “पुढच्या उड्या मशीनच्या हायेत. मी एक एक सूर वेगळा गायला अन् त्यायनं तो कापून जोडला. इतक्या घाईनं कोनाचाच गळा उडी मारू शकत नाई. माझाबी नाई.”

मैदान एकदम बोलू लागले.

“म्हंजे मशीनच हाय ना मंग,” धर्मेंद्र फोन खाली न घेता म्हणाला. “कबूल केलं तिनं. आलं रेकॉर्डिंगमंदी.”

“अर्धं मशीन, अर्धी रक्षा,” कोणीतरी भर घातली, आणि मघाचा हशा परत आला, आता सुटल्यासारखा.

नत्थूजींनी काठी आपटली. “बारी अर्धी राह्यली, पोरी. पुरी कर.”

“पुढचं माझं नाई, बाबाजी. ज्याचं हाय त्याले बोलवा. कंपनीले फोन लावा, मशीन घेऊन या म्हना.”

“बैल उभे हायेत.”

“मीबी तीन महिन्यांपासून, पिक्चर आला तवापासून उभी हाय.”

बैल शेपट्या हलवत होते. उघडी बारी, न तुटलेले तोरण, आणि रस्ता अडवून उभी असलेली रक्षा. त्या क्षणी प्रभाकररावांच्या मनात जो विचार आला तो असा : काहीही गायचे होते, चार सूर फिरवायचे होते, या गावात कोणाला फरक कळणार होता? विचार पुरता झाला आणि त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. नारळात सोडियम लपवणाऱ्याचा चेहरा त्यांना चांगला ठाऊक होता. जगभर जे शोधत हिंडलो ते समोर उभे आहे — जेवढे माझे तेवढेच माझे, असे म्हणणारे माणूस — आणि आपण त्याला खोटे बोलायला सांगायच्या बेतात होतो. स्वतःवरचा तो राग कंपनीवरच्या रागापेक्षा मोठा होता, आणि त्याला काढायला जागा एकच होती.

ते तोरणाखाली आले. आयुष्यात पहिल्यांदा. वर्गातला आवाज त्यांनी लावला, पण भाषा वर्गातली नव्हती.

“नांगर ओढला बैलानं, झूल घातली दोराले,
गानं गायलं पोरीनं, हार घातला चोराले!
खरं बोलली पोरगी, मुकली आपल्या नावाले,
खऱ्याचंच हासू येते पुराव्याच्या गावाले!”

हसणारे हसता हसता अडकले. झडती बोचली की गाव ओरडते, ही रीत. पण ही नेमकी कोणाला बोचली ते ज्याचे त्याला समजले होते. धर्मेंद्रने फोन खिशात घातला. आता फक्त महादेवाचे नाव घ्यायचे राहिले होते, आणि ते प्रभाकररावांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. ते ओठ मिटून उभे राहिले. बारी त्यांच्यामुळेही उघडीच राहिली.

शेवटी नत्थूजी खाकरले. “बाप-लेक सारखेच हट्टी,” ते म्हणाले, आणि मग त्या वयाला न शोभणाऱ्या आवाजात त्यांनी आरोळी दिली, “हर बोला...”

गावाने ती मिटवली. तोरण तुटले, बैल निघाले.

घरी परतताना रक्षा चार पावले पुढेच चालत होती. “मिटवाले काऊन आले तुम्ही?” ती म्हणाली. “राहू द्यायचे होते उभे.”

“तू मला आधी सांगायला हवं होतंस.”

ती वळली आणि नुसती बघत राहिली, आणि प्रभाकररावांना आपण काय बोललो ते कळले.

धर्मेंद्रची ध्वनिचित्रफीत रातोरात पसरली. सुरुवात ‘पुढच्या उड्या मशीनच्या हायेत’ इथूनच होत होती. आधीचे सगळे कापलेले. कंपनीने जे केले तेच पुतण्याने फुकटात केले होते. सकाळी प्रभाकरराव दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “पूर्ण टाक. नाहीतर हे दुकान कोणाच्या बापाचं होतं ते मी कागद काढून सांगतो.” दुपारी पूर्ण फीत आली. ती फारशी कोणी पाहिली नाही.

त्या दिवशी तान्हा पोळा होता. पोरे लाकडी बैल ओढत गल्लीगल्लीतून फिरत होती, दारोदार चॉकलेट मागत होती. त्यांच्या अंगणाशी टोळके आले तेव्हा प्रभाकरराव खुर्चीतून अर्धे उठले, कारण पोरांनी गाणे सुरू केले होते. तेच. किनऱ्या, बेसूर आवाजात, एकमेकांना ढकलत, चढत चढत. काठी कुठे आहे हे त्यांनी नजरेने शोधले.

पोरे टोकाला आली आणि सगळी एकदम थांबली. एकही पोर पुढे गेले नाही. “इथवर रक्षाताईचं!” त्यांतले एक ओरडले, आणि बाकीच्यांनी घशातून घर्रर्र आवाज काढत यंत्राच्या उड्या मारल्या.

प्रभाकररावांनी ते नीट ऐकले. जागा अचूक होती. कुठे गळा संपतो आणि कुठे यंत्र सुरू होते, हे या देशात अजून कोणाला ठाऊक नव्हते. या गल्लीतल्या पोरांना ठाऊक झाले होते. राग उतरला नाही. कंपनीच्या जाहिराती तशाच होत्या, नाव अजूनही नव्हते. पण त्यांनी काठी शोधणे थांबवले.

रक्षा हातात चॉकलेटची पिशवी घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा कालच्यासारखाच कठीण होता.

“चढायच्या आधी श्वास कोन घेनार, तुमचा मामा?” ती म्हणाली. “पुन्हा म्हना.”