शनिवारची खुर्ची

माणसाला आजवर मोठं केलं ते बक्षिसांनीच. सिंहासनं, पदकं, मानपत्रं नसती तर आपण अजून झाडावरच असतो. आमच्या बाईंकडे मात्र यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे होती एक खुर्ची, आणि तिचाही एक पाय आखूड.

आठवडाभर जो नीट वागेल, त्याला शनिवारी शेवटच्या तासाला त्या खुर्चीत बसायला मिळे. बाई त्याच्या जागी बाकावर बसत आणि तिथूनच गोष्ट वाचून दाखवत. आपण वर डुगडुगत, सगळ्यांची डोकी बघत ऐकायचं. ते सुख पुढे मला कुठल्याच खुर्चीने दिलं नाही.

वर्गात सगळ्यांना तो मान मिळाला. पेंगणाऱ्या जुळ्या भावांनासुद्धा, दोघांना एकदमच. राहिला एकटा ढब्बू. तो पुढे न्यायाधीश झाला, उंच पाठीच्या खुर्चीतून निवृत्त झाला, तरी परवा चहा पिताना म्हणालाच, "एवढं काय रे वाईट होतं माझ्यात?"

"बाईंनाच विचार की," म्हणत मी त्याला घेऊन गेलो.

बाई आता नव्वदीला टेकलेल्या. खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. ढब्बू त्यांच्यापुढे आरोपीसारखा उभा राहिला. "बाई, मला खुर्ची का नाही दिलीत?"

"कशी देणार? दर शनिवारी तुझं पोट दुखायचं. मीच तुला घरी धाडायचे."

"पोट? अहो बाई, मी शहाण्यासारखा बसायचो! हाताची घडी, श्वास रोखून..."

"आणि डोळे वटारून! तो चेहरा शहाणपणाचा होता होय?" बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मग तेव्हा बोलला का नाहीस मेल्या?"

"वर्गात बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

मी खो खो हसलो. ती दोघं हसली नाहीत. बाई काठी टेकत उठल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "बस. आजचा मान तुझा."

ढब्बू बसला. पाय जुळवून, हाताची घडी घालून. त्याची हनुवटी थरथरायला लागली, तसा मी खिडकीबाहेर काही नसताना बघू लागलो.

बऱ्याच वेळाने बाई हलकेच म्हणाल्या, "बाळा, जरासा उठतोस का? तुझ्याखाली माझा चष्मा आहे."