पाहुण्यांसाठी पाळणाघर

परराष्ट्र खात्यातल्या उपसचिवसाहेबांना शेजारच्या देशाची भारी काळजी. तिथल्या कचेऱ्यांत बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं नाहीत, म्हणून एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी त्या देशाला असं काही खडसावलं की टाळ्या थांबेनात. मग भरात येऊन म्हणाले, "आमच्याकडे या, आमच्या खात्यातलं पाळणाघर बघा." झालं! शेजारी खरोखरच निघाले की.

खात्यात कुठलं आलंय पाळणाघर? होती ती जुन्या फायलींची खोली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. शिवाय ज्या टंकलेखिकेनं ते भाषण टाइप केलं होतं, तिचाच राजीनामा साहेबांच्या टेबलावर पडलेला. सासूनं अंथरूण धरलं होतं, तान्ह्या पोरीला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. नोकरी तिला जिवापाड हवी होती, पण करते काय बिचारी?

"राजीनामा राहू दे तूर्त," साहेब तिला म्हणाले. "गुरुवारी मुलीला घेऊनच ये. आणखी कुणाची लहान असतील, त्यांनाही सांग."

फायली जिन्याखाली गेल्या, भिंतींना रंग लागला, पाळणे भाड्यानं आले. गुरुवारी पोरांनी खोली डोक्यावर घेतली. पाहुण्याबाई, म्हणजे तिकडच्या सचिव, पाळण्याशी बसल्या त्या उठेनात. साहेबांच्या कडेवर टंकलेखिकेची पोर, आणि पोरीच्या तोंडात साहेबांचा टाय. फोटो काय झकास आला म्हणता!

निघताना बाई म्हणाल्या, "तुमचं बोलणं झोंबलं होतं, पण खरं होतं. आता आम्हीही असंच सुरू करणार. आमच्या दोघीजणी सोमवारपासून वर्षभर इथे शिकायला येतील. चालेल ना?"

साहेबांच्या पायाखालची जमीनच सरकली. पाळणे तर संध्याकाळी परत जायचे होते.

"आनंदच आहे," ते म्हणाले. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

सोमवारी टंकलेखिका पोरीला घेऊन आली, राजीनामा मागून घेतला आणि साहेबांसमोरच फाडला. तिचे डोळे भरून आले होते. साहेबांनाही बरं वाटलं, अगदी मनापासून.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती गालातल्या गालात हसत ऐकत होती. लेक झाली तेव्हा सांभाळायला कुणी नाही म्हणून तिनं बँकेतली नोकरी सोडली होती, ती कायमचीच.

"चांगलं झालं हो," ती म्हणाली. "आपली तान्ही होती तेव्हा परदेशातून कुणी आलं नाही, एवढंच."