दुसरा टेक्निकल

शिट्टी फुंकून फुंकून पंचांचं तोंड कोरडं पडलं होतं. सकाळपासून बास्केटबॉलच्या सामन्यामागून सामने चालले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि निळ्या जर्सीतल्या मुलींचे कोच काही केल्या बाकावर टेकायला तयार नव्हते.

"अहो, डोळे घरी ठेवून आलात का?"

पंचांनी कानाडोळा केला. माणूस ओरडतो, दमतो आणि गप्प बसतो, हे ते इतक्या वर्षांत शिकले होते. शिवाय गैरवर्तनाबद्दल टेक्निकल फाउल द्यायचा म्हणजे खेळ थांबवा, टेबलापाशी जाऊन सांगा, समोरच्यांना फ्री थ्रो द्या, की पुन्हा नव्यानं आरडाओरडा. कोण डोकेफोड करणार?

यांच्यावर काही परिणाम होत नाही म्हटल्यावर कोचनी मोर्चा दुसऱ्या पंचाकडे वळवला. ती तरुण होती, तिचा हा पहिलाच मोसम.

"ए बाई, नियम वाचलेत, की शिट्टी भाड्यानं आणलीय?"

प्रेक्षक खो खो हसले. त्यानंतर तिची शिट्टी अडखळायला लागली. बास्केटखाली एकीला सरळसरळ धक्का बसला, ती कोपरावर आपटली, तरी शिट्टी वाजलीच नाही.

टाइम-आउट झाला तशी ती पंचांजवळ आली. "सर, तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं. दुर्लक्ष कर. सवय होते."

"तुम्हाला झालीय. मला नकोय ती सवय."

आवाज चढवला नव्हता तिनं, तरी पंचांना ते लागलं. ते पाय ओढत कोचपाशी गेले.

"जे काय बोलायचं ते माझ्याशी बोला. त्यांच्यावर आता एक शब्दही नको. ही शेवटची ताकीद."

"शेवटची? पहिली कधी दिलीत हो?"

पंचांनी वळून खेळ सुरू करायची खूण केली.

खेळ सुरू झाला न झाला तोच आवाज आला, "बाई, चष्मा लावा!" पंचांनी शिट्टी वाजवली आणि एका हाताच्या बोटांवर दुसरा तळवा आडवा धरला. टेक्निकल. फ्री थ्रो आत गेला. कोचनी रागानं पाण्याची बाटली कोर्टवर भिरकावली.

लगेच शिट्टी वाजली. या वेळी तिची. खूण स्पष्ट होती. दुसरा टेक्निकल म्हणजे कोच बाहेर.

"अहो, तुम्ही तरी सांगा हिला!" कोच पंचांकडे वळले.

"त्यांनी दिलाय. बाहेर जा."

कोच गेले. निळ्यांची कॅप्टन टॉवेल घेऊन आली आणि सांडलेलं पाणी पुसायला लागली.

"सॉरी, सर," ती खालमानेनं म्हणाली. "बाबा घरीही असेच असतात."

पंच वाकले, टॉवेलचं दुसरं टोक धरलं आणि तिच्याबरोबर फरशी पुसली. निळ्या मुली शेवटपर्यंत झुंजल्या, तरी हरल्याच.

खोलीत बूट सोडताना पंच म्हणाले, "पहिला टेक्निकल मी सुरुवातीलाच द्यायला हवा होता."

"हो, द्यायला हवा होता," तरुण पंच म्हणाली. समजूत वगैरे काही घातली नाही.

बाहेर पायऱ्यांवर कोच लेकीची वाट बघत बसले होते. त्यांचा आवाज पार बसला होता.

"दमलो हो," ते वर न बघताच म्हणाले.

क्षणभर शेजारी टेकावं असं पंचांना वाटलं. मग त्यांनी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत ते निघून गेले.