कोऱ्या बाटलीनं वाचवलेला किनारा

मित्रांनो, स्फाक्स शहराच्या बंदरामागे एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या खिडकीजवळचा मी जुना मास स्पेक्ट्रोमीटर. दिसतो कपाटासारखा, पण चार हजार टँकर पाण्यात थिनरचा एक थेंब पडला तरी मला कळतो. समुद्राच्या पाण्यात स्वच्छ वायूचे बुडबुडे सोडले, की हवेत उडून जाणारी रसायनं त्यांच्याबरोबर वर येतात. मी त्यांचे कण तोलून नावं सांगतो.

नवा होतो तेव्हा पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढत. पुढे पंप घरघरू लागला आणि मला भंगारात काढायची भाषा सुरू झाली. रसायनतज्ज्ञ रादियानं मात्र मला सोडलं नाही. पंपाचं तेल ती आजही स्वतः बदलते.

गेल्या वसंतात मी चांगलाच तोंडघशी पडलो. रादियानं सकाळी नावाडी अम्म हमादींच्या, म्हणजे हमादीकाकांच्या, होडीतून जवळच्या किनाऱ्याचं पाणी आणलं. सहाही बाटल्यांत मला झायलीन, म्हणजे थिनरमधलं घातक रसायन, सापडलं, तेही भरपूर. मी ऐटीत आकडे दिले. त्या किनाऱ्यावर ओहोटीला बायका विळ्यानं वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढतात, त्यावरच त्यांच्या चुली पेटतात. किनारा बंद करण्याचं पत्र दुपारी जाणार होतं. ते लिहिताना रादियाचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात त्या बायकांची पुढारीण, खाल्ती, म्हणजे मावशी, मन्नूबिया, बंदीची बातमी ऐकून ओल्या पायांनी आत आली.

"पोरी, चाळीस वर्षं त्या पाण्यात उभी आहे मी. मला काही कळलं नाही आणि या खोक्याला कळलं?"

"खाल्ती, याचं नाक तुझ्यापेक्षा तिखट आहे."

"असेल बाई. मग तुझ्या अंगाला रंगाचा वास मारतोय, तो कळला का त्याला? तू डॉक्टरीणबाई बसणार म्हणून हमादीनं कालच होडी रंगवली."

रादिया थबकली. एक कोरी बाटली तपासायची राहिली होती. तिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी असतं. ती होडीवर न्यायची, इतरांबरोबर उघडायची आणि तशीच परत आणायची. खरं तर ती सगळ्यांआधी माझ्यावर लावून तपासायची, पण पत्राच्या घाईत मागे पडली. आता लावली, तर तिच्यातही तेवढंच झायलीन. जिला समुद्र शिवलाच नव्हता, त्या बाटलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे आकडे खरे होते, पण मी मोजला होता अम्म हमादींचा निळा रंग.

दुसऱ्या दिवशी रादिया खाल्तीबरोबर पाण्यात उतरली. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून बाटल्या पाण्याखालीच भरल्या. झायलीन नावापुरतंच निघालं आणि पत्र फाटलं. अम्म हमादी फुरंगटून म्हणाले, पुढच्या वेळी मळक्या होडीतच बसा. खाल्तीनं शिजवलेल्या तिसऱ्या आणल्या आणि ताट माझ्या डोक्यावर ठेवू लागली. रादियानं तिचा हात धरला. म्हणाली, उद्या हा रश्श्याचाही अहवाल देईल.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझं तेल बदला. पण माझ्या आकड्यावर कुणाचा किनारा बंद करण्याआधी ती कोरी बाटली जरूर लावा. प्रत्येक किनाऱ्याला खाल्ती मन्नूबिया लाभत नाही.