तेल प्यालेला फळा

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळीचा फळा आहे. नाकं मुरडू नका! मला तेलाचा वास येतो हे ठाऊक आहे मला. तो कसा लागला तेच सांगतो.

जाड कापडावर काळा रंग चढवून, वर-खाली काठ्या ठोकून मला बनवलं. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. माणसं आधी आली, शाळा मागून. शिक्षक मिळेनात, म्हणून सातवी पास झालेल्यांनाही घेतलं. भंडाऱ्याकडच्या शेवंताबाई त्यांतल्याच. पत्र्याच्या शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या आणि मी त्यांच्या वर्गाचा फळा.

मग हुकूम आला. महिनाभर प्रशिक्षण घ्या, शेवटी परीक्षकांसमोर पाठ द्या. नापास झालात तर नोकरी गेली! बाईंनी जीव तोडून सराव केला. फळ्यावर लिहिताना अर्धी नजर मुलांवर ठेवायची, हे त्यांनी माझ्यावरच गिरवलं. आधी खडू मोडायचे, मग हात बसला. मला फार अभिमान वाटायचा.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. त्यांचा नवरा चंपत कारखान्यात फिटर. काहीही नवं दिसलं की पुसायचं आणि तेल द्यायचं, ही त्याची सवय. बाई नळावर गेल्या आणि त्यानं सायकलच्या कुपीतलं तेल चिंधीनं माझ्या काळ्या बाजूभर चोळलं. तोंड असतं तर बोंब ठोकली असती मी! मग गुंडाळून मला दाराशी उभं केलं.

सकाळी वर्गात बाईंनी मला उलगडलं. खडू टेकवला, तो सर्रकन घसरला. पुन्हा टेकवला. रेघच उमटेना. मुलं खुदखुदली.

"बहनजी, पाँच मिनट हो गए," मागून परीक्षक म्हणाले.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर मेल्याहून मेल्यासारखा झालो. तेवढ्यात खिडकीबाहेर सायकल धरून उभा असलेला चंपत कळवळून म्हणाला, "शेवंता, मीच तेल लावलं वं त्याले! जंग लागू नये म्हून."

"कापडाले कुठं जंग लागते का जी?" बाई दबक्या आवाजात कडाडल्या. मग एक श्वास घेतला. "तिकडच्या चहाच्या शेगडीतला विझलेला कोयसा द्या मले. लवकर!"

आणि त्यांनी मला उलटं टांगलं. माझी मागची बाजू पांढरी, कोरी, खरखरीत. तिच्यावर कोळशानं दहा चिमण्या काढल्या. हात फळ्यावर, नजर मुलांवर. मुलं जागेवरून उठून मोजू लागली, "एक, दो, तीन..." परीक्षकांनी घड्याळ खिशात घातलं.

बाई पास झाल्या. माझ्यावर मात्र पुन्हा खडू चालला नाही. त्या चिमण्या तशाच आहेत, आणि दरवर्षी प्रशिक्षणाला आलेल्या नव्या शिक्षकांना बाई त्या दाखवतात.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती ज्याच्या कामाची आहे, त्याला आधी विचारा. मला प्रशिक्षणाला पोचवायला अजूनही चंपतच येतो. हात स्वच्छ धुतो, दाराशी थांबतो आणि बाईंना म्हणतो, "हात लावू का वं याले?"